धरण किती टक्के आहे?

ऑगस्ट लागला की मराठवाड्यात टक्केवारीचं बोलणं सुरू होतं. बारावीचे निकाल तेव्हा लागून गेलेले असतात, निवडणूक असो नसो. न्हाव्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, लग्न जमवायला आलेल्या पाहुण्यांच्या चहात एकच प्रश्न: नाथसागर किती झाला? मांजरा किती? नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, मांजरा म्हणजे आमच्या लातूरला पाणी देणारं धरण. आमच्याकडे पाऊस पडो न पडो, नाशकात पडला की इकडे चेहरे उजळतात. वरून पाणी सुटलं, नांदूर मधमेश्वरवरून इतके हजार क्युसेक निघाले, उद्या रात्री पैठणला पोचेल. ही बातमी आमच्या घरी जावई निघाल्याच्या निरोपासारखी घेतली जाते.

अशा मुलखातल्या माणसांनी तळ्याकाठी एखादी साधी खोली भाड्यानं घ्यायची आणि नुसतं पाण्याकडे बघत बसायचं, हे बोलायला सोपं आहे. आमच्या डोळ्यांना ती सवय नाही. आम्ही पाणी बघत नाही, मोजतो.

जायचं ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. पुण्याहून येणाऱ्या दादाला शांतता हवी होती. माझ्या लेकीला आणि भाच्याला पक्षी बघायचे होते. आईला पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं. आणि अण्णांना धरण बघायचं होतं. अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. जवळजवळ सगळी नोकरी परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलकडे गेली. हा कालवा 208 किलोमीटरचा. त्याच्या टेलला पाणी पोचणं म्हणजे काय असतं, हे टेलच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या शिव्या खाणाऱ्या कालवा निरीक्षकालाच ठाऊक. वर पाण्याचं आवर्तन सुटलं की वाटेत मोटारी बसायच्या, कुठे चारी फुटायची, कुठे कुणी दार वर उचलून ठेवायचं. अण्णांनी आयुष्यभर जायकवाडीचं पाणी शेवटच्या टोकाला उभं राहून पाहिलं होतं. पहिल्या टोकाला निवांत बसण्याची वेळ नोकरीत कधी आलीच नाही.

खोली शोधायला लागले तेव्हा मोबाइलवर फोटोंचा पाऊस पडला. ‘वॉटर टच कॉटेज’, ‘लेक व्ह्यू’, ‘अस्सल गावरान अनुभव’. एका ठिकाणच्या फोटोत पाणी थेट ओट्याला लागलेलं. अण्णांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि म्हणाले, “हा ऑक्टोबरचा आहे. त्याला विचार, फोटो कोणत्या महिन्यातला?” विचारलं. समोरचा माणूस आधी गप्प झाला, मग म्हणाला, “मॅडम, आता पाणी थोडं मागं गेलंय.” थोडं म्हणजे किती, ते काही त्यानं सांगितलं नाही.

यामागची गोष्ट साधी आहे आणि बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याकाठी, राहायला जाणाऱ्या प्रत्येकानं ती ध्यानात ठेवावी. नाथसागर कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या धरणांसारखा दरीत बसलेला नाही. तो सपाटीवर पसरलाय, उथळ. पूर्ण भरला की पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फूट. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी होतं, पण पातळी चार-पाच फूट उतरली की काठ शेतंच्या शेतं ओलांडून मागे जातो. उन्हानं वाफ होऊन जाणारं पाणी वेगळंच. म्हणून ऑक्टोबरात अंगणाशी असलेलं पाणी जानेवारीत चालत जाण्याच्या अंतरावर असतं आणि मे महिन्यात ते दुर्बिणीतून बघावं लागतं. ‘पाण्याला लागून’ या शब्दांना इथे महिन्याची अट असते.

शेवटी ओळखीतून पैठण–गंगापूर पट्ट्यातली एक जागा मिळाली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या दोन खोल्यांना जेवढे पाहुणे झेपतात तेवढे मिळतात, त्याहून जास्त मालकाला नकोच आहेत. माणशी ठरावीक पैसे, त्यात दोन्ही वेळचं जेवण, चहा आणि जानेवारी असल्यामुळे हुरडा. एसी नाही, टीव्ही नाही, गिझर नाही. दादानं वायफायचं विचारलं तर मालक म्हणाला, “रेंज बांधावर येती.”

लातूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असं करत शहागडला गोदावरी ओलांडली, पाचोडहून पैठणकडे वळलो. शहागडच्या पुलावर अण्णांनी गाडी हळू करायला लावली. नदीत पाणी होतं. “खालचंय,” एवढंच म्हणाले. धरणाच्या खालचं पाणी म्हणजे कुणीतरी सोडलेलं पाणी, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

खोली म्हणजे सिमेंटच्या जोत्यावर उभ्या केलेल्या तट्ट्याच्या भिंती, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेल्या. वर पत्रे, पत्र्यांवर उन्हाचा ताव कमी व्हावा म्हणून उसाचं पाचट अंथरलेलं. खाली सारवलेली जमीन, त्यावर सतरंज्या आणि गाद्या. न्हाणी बाहेर, तिच्याजवळ तांब्याचा बंब. एवढ्या साध्या खोलीला दार मात्र भलतंच होतं. सागवानी, दोन फळ्यांचं, जाड, पितळी कड्या, चौकटीवर गणेशपट्टी. दार खोलीपेक्षा मोठं होतं म्हणून खालून वीतभर कापलेलं. कापल्याची कड अजून फिकट दिसत होती. लेकीनं दाराच्या मागच्या बाजूला एक गंमत शोधली. उजव्या फळीवर छिन्नीनं मारलेल्या तीन रेघा, चौकटीच्या उजव्या खांबावरही तीन रेघा. डावीकडे दोन आणि दोन.

मालकाचे वडील बाजेवर बसून बघत होते. सगळे त्यांना बापू म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. ते म्हणाले, “ते सुताराचं हाय. गाव उठलं तवा घरं उकलली. कोणतं लाकूड कुठलं, घोटाळा नको म्हणून खुणा केल्या. बैलगाडीत भरलं अन् वर आणलं. मी गाडीवर बसायचो, लहानच व्हतो.”

“नव्या घराला हे दार नाही लावलं?” वहिनीनं विचारलं.

“नवं घर पत्र्याचं झालं. एवढं दार कशाला लावायचं? पडून व्हतं. पोरानं हितं लावलं. आता लोक त्याच्यापाशी फोटो काढत्यात.”

लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली या धरणाची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. या दोन तारखा अण्णांना तोंडपाठ. मधल्या वर्षांत शंभराहून जास्त गावं उठली, ती बापूंना तोंडपाठ. रात्री शेकोटीशी हे दोघं एकेक नाव काढत बसले. एक जण आकड्यांनी बोलत होता आणि दुसरा शिवारांनी, आणि आश्चर्य म्हणजे दोघांचं जमत होतं. धरणाचं नाव ज्या जायकवाडी गावावरून पडलं, ते गाव तर बीड जिल्ह्यात. निजामाच्या काळात धरण तिकडे बांधायचा विचार होता, पुढे जागा वर पैठणला सरकली आणि नाव तेवढं आलं. अण्णांनी हे सांगितल्यावर बापू हसले. “म्हंजी गाव आमचं गेलं अन् नाव दुसऱ्याचं लागलं.”

सकाळी उठलो तर काठ धुक्यात होता. लेक आणि भाचा कानटोप्या घालून बांधावर. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात इथे हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. त्यांच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसल्या तेव्हा भाच्यानं माझा हात इतका जोरात दाबला की मी ओरडणार होते. चक्रवाक जोडीजोडीनं, थापट्या बदकांचा घोळका, आणि लांब, अगदी लांब पाण्याच्या कडेला एक गुलाबी रेघ. ते रोहित. आम्ही जवळ जायला निघालो तसा मालक मागून ओरडला, “पुढं गाळ हाय, ताई! वरून कोरडा दिसतोय, पाय घातला की गुडघ्यापर्यंत जाल.” बॅकवॉटरचं पाणी वरून मऊ आणि निरुपद्रवी दिसतं, पण खाली जुन्या विहिरी आहेत, ओढ्यांचे खड्डे आहेत, गाळ आहे. पोहायला उतरू नये, पोरांना तर मुळीच उतरवू नये. मालक हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काही जण ऐकतात.

पट्टकादंबांबद्दल मालकाचं मत पक्षीमित्रांपेक्षा वेगळं आहे. ते पहाटे हरभऱ्यात उतरतात आणि कोवळे शेंडे खुडून खातात. “पाव्हणे हायेत, पण जेवून जात्यात,” तो म्हणाला. आमच्याकडे बघून म्हणाला की काय, ते मला नीट कळलं नाही.

तो हरभरा गाळपेरीचा होता. पाणी मागे सरकलं की खाली उघडी पडणारी जमीन, तिच्यात धरणानं वर्षभर आणून टाकलेला गाळ. नांगरट फारशी लागत नाही, खतही कमीच लागतं. गहू, हरभरा, कांदा, पुढे टरबुजं. जमीन सरकारची, संपादनात गेलेली. ज्यांची गेली त्यांच्यातलेच कित्येक आता ती हंगामापुरती कसतात. स्वतःच्याच आजोबाच्या वावरात दर वर्षी चार महिन्यांचे भाडेकरू. मालकानं हे कसलाही कढ न काढता सांगितलं. मला आमच्या खोलीची पावती आठवली.

गाळपेरीला पाणी द्यायचं तर मोटर पाण्याच्या मागे पळवावी लागते. काठ दहा-पंधरा दिवसांत खाली सरकतो, मग पाइपांचे तुकडे जोडायचे, केबल लांबवायची, फूटव्हॉल्व्ह गाळात रुतणार नाही असा बांधायचा. मालक आणि त्याचा पुतण्या हे काम करत होते. अण्णा चप्पल काढून, धोतर खोचून बांधावर उभे. पाइपच्या सांध्यातून हवा धरतेय हे त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. सायकलची ट्यूब मागवली, कापून पट्टी गुंडाळली. मोटर चालू झाल्यावर पाइपाच्या तोंडातून आधी गढूळ, मग तांबूस, मग स्वच्छ पाणी आलं, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं. सुट्टीत माणसानं काम करू नये असं म्हणणाऱ्यांना कामातून सुटलेली माणसं माहीत नसावीत.

दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे मोटरीची थ्री-फेज वीज आलीच नाही. मोटर चालली नाही, टाकी भरली नाही आणि न्हाणीतला नळ फुसफुसला. समोर क्षितिजापर्यंत पाणी आणि आमच्याकडे दीड पिंप. दादा वैतागला. त्याला पुण्यात पाणी म्हणजे भिंतीतून येणारी वस्तू. पण आई एकदम ताजीतवानी झाली. पदर खोचला, पिंपाशी उभी राहिली आणि सगळ्यांना बादल्या वाटून दिल्या. मोठ्यांना एक, पोरांना अर्धी. तोंड धुतलेलं पाणी झेंडूला. तांदूळ धुतलेलं म्हशीला. मालकीण हातात पातेलं घेऊन नुसती बघत राहिली.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडला होता, पाणी भरण्याच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं, पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. टीव्हीवर गाडी दिसली. घरात काय चाललं होतं ते दिसलं नाही. आईनं त्या उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येक भांड्याला एक काम दिलं होतं. आमच्याकडे पाहुणे यायचे ते स्वतःची बाटली घेऊन, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. भाचा तेव्हा जन्मला होता. बाळंतीण आणि बाळ नाशकातच राहिले, वहिनीच्या माहेरी. आई तेव्हा काही बोलली नव्हती. आता अर्धी बादली भाच्यापुढे ठेवताना म्हणाली, “याची राहिली होती.”

वहिनीचं माहेर नाशिक, हे आमच्या घरात दर पावसाळ्यात निघतं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा समन्यायी वाटपाचा नियम अण्णांना पाठ आहे आणि वहिनीच्या वडिलांनाही. एकाला तो न्याय वाटतो, दुसऱ्याला द्राक्षबागांवरचा दरोडा. व्याही-व्याही फोनवर दिवाळीच्या शुभेच्छा देतात आणि मग याच विषयावर येतात. वहिनी शहाणी आहे. काठावर उभी राहून म्हणाली, “अण्णा, हे सगळं आमच्याकडचंच आहे की.” अण्णा म्हणाले, “असू दे. लेक दिली की माहेरानं हिशोब मागू नये.” ती हसली, पण लगेच मागे वळून उसाकडे बोट दाखवलं. “आणि हे?” धरणाच्या भोवताली नजर जाईल तिकडे ऊस. टेलला ज्वारी वाळते आणि इथे उसात पाणी उभं असतं, यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं; तीस वर्षं ते हाच प्रश्न वरच्या साहेबांना विचारत आले होते.

उसाच्या मधोमध मालकानं मुद्दाम ज्वारीचा तुकडा राखलाय, पाहुण्यांच्या हुरड्यासाठी. दुपारी आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं, मग तळहातावर चोळून पाखडलेले हिरवे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, गूळ, बोरं. हातावर चटका बसल्याशिवाय हुरडा लागत नाही. आई माळकरी, म्हणून चूल वेगळी. आम्ही बाकीच्यांनी थर्माकोलच्या चप्पूवरून, म्हणजे तराफ्यावरून, सकाळीच आलेली चिलापी तिखट-मीठ लावून तव्यावर भाजलेली खाल्ली. चप्पूवाला पोरगा विशीतला. जाळ्याला रोहू आता कमी, चिलापीच जास्त, असं सांगून त्यानं पैसे मोजले आणि पुन्हा पाण्यात गेला.

बैलगाडीची फेरी, फेटा बांधून फोटो, जात्यावर दळण्याचं नाटक, यांतलं तिथे काही नव्हतं आणि ते नव्हतं म्हणूनच जागा बरी होती. पलीकडच्या काठावर एक मोठं रिसॉर्ट झालंय. रात्री अकरापर्यंत तिथून डीजेचे ठोके पाण्यावरून येत होते. अभयारण्याशेजारी राहून पाखरांना झोपू न देणाऱ्यांनी शहरातच नाचावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बापूंचं मत त्याहून छोटं होतं, ते छापता येणार नाही.

परतीच्या आधी पैठणला गेलो. नाथांच्या समाधीचं दर्शन झालं, गावातल्या वाड्यात तो रांजण पाहिला. तुकाराम बीजेपासून त्यात पाणी ओतायला सुरुवात होते; लोक कावडी-घागरी आणून ओतत राहतात, आणि तो भरून वाहिला की श्रीखंड्याच्या रूपात देवानं घागर ओतली, नाथषष्ठीला देव आला, असं मानतात. आईनं पोरांना काशीहून रामेश्वराला नेत असलेलं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या नाथांची गोष्ट सांगितली. भाच्यानं विचारलं, “मग कावड किती लिटरची होती?” अण्णांना अतिशय आनंद झाला.

धरणाच्या 27 दारांपाशी आम्ही जरा थांबलो. सगळी बंद होती. अण्णांनी ती मोजली, बरोबर आहेत म्हणाले, आणि गाडीत बसले.

हिशोब मिटवायला मी पुन्हा मालकाला फोन लावला, तेव्हा त्यानं सहज सांगितलं की मे महिन्यात भाडं निम्मं असतं, कारण पाणी लांब जातं आणि कुणी येत नाही. अण्णांनी मागच्या सीटवरून फोन मागितला. बुडालेल्या गावाचं काय दिसतं, विचारलं. मालक म्हणाला, गढी उंचावर होती, म्हणून तिची पांढरी माती आधी उघडी पडते. साल वाईट असेल तर मारुतीचं जोतंही दिसतं. बापू दर उन्हाळ्यात एकदा चालत जाऊन येतात.

“मेची खोली आमची,” अण्णा म्हणाले. “बापूंना सांगा, मी येतोय.”

“अहो, त्रेचाळीस डिग्रीत?” दादा.

“नातवाला आणतो. दार कुठलं होतं ते त्याला दाखवायचंय.”

आईनं फोन आपल्याकडे घेतला आणि कूलर आहे का, एवढंच विचारलं.

“हाय की, मावशी,” मालक म्हणाला. “पाणी मात्र घागरीनं टाकावं लागंल.”